दोन लाख किलोमीटरनंतर : जुनी ऑटोमॅटिक फोर बाय फोर घेताना

जुन्या मोटारीच्या व्यवहारात पहिला प्रश्न ‘रनिंग किती?’ हाच असतो. साध्या हॅचबॅकच्या बाबतीत त्या एका आकड्यावरून गाडीच्या प्रकृतीचा बराचसा अंदाज येतो. ज्या गाडीत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सही आहे आणि चारही चाकांना ताकद देणारी यंत्रणाही आहे, तिच्याबाबत तो आकडा अपुरा पडतो. इंजिनाची झीज किलोमीटरशी बऱ्यापैकी जुळते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची झीज मात्र उष्णतेवर आणि तेलाच्या स्थितीवर ठरते, आणि फोर बाय फोरची झीज ती कोणत्या जमिनीवर व कशी वापरली गेली यावर. म्हणून दोन लाख किलोमीटर चाललेली गाडी बिनघोर घेण्याजोगी निघते आणि सत्तर हजार चाललेली गाडी वर्षभरात मालकाला कर्जात लोटते. आकड्यामागचे किलोमीटर कुठले होते आणि त्या काळात देखभाल झाली का, हे शोधून काढणे म्हणजेच या गाडीची परीक्षा.

ही परीक्षा खरेदीदारालाच घ्यावी लागते. नव्या मॉडेलला बाजारात येण्याआधी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र लागते. अशा संस्थांपैकी एक, संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन संशोधन व विकास आस्थापना (व्हीआरडीई), अहिल्यानगरजवळ वाहननगर येथे आहे. पण ही चाचणी मॉडेलची असते. एकदा नोंदणी झाली की खाजगी मोटारीची यांत्रिक तपासणी कायद्याने पंधरा वर्षांपर्यंत बंधनकारक नाही. मधल्या काळात पीयूसी प्रमाणपत्र तेवढे लागते, आणि त्यात गिअरबॉक्सचा किंवा ॲक्सलचा संबंध येत नाही.

जिल्ह्यातले तीन प्रकारचे किलोमीटर

क्षेत्रफळाने अहिल्यानगर हा महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा आहे. सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर आणि चौदा तालुक्यांच्या या पसाऱ्यात गाडी तीन अगदी वेगळ्या प्रकारे झिजते.

पहिला प्रकार महामार्गाचा. नगर–पुणे अंतर साधारण १२० किलोमीटर, तर मुंबई अडीचशेच्या आसपास. आठवड्यातून एकदा मुंबईला जाऊन येणारी गाडी केवळ त्या फेऱ्यांत वर्षाला २५ हजार आणि आठ वर्षांत दोन लाख किलोमीटर पुरे करते. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईच्या बाजूचा शेवटचा टप्पाही सुरू झाला. कोपरगाव-राहाता भागातल्या गाड्यांचे लांब पल्ल्याचे किलोमीटर त्यामुळे वाढले. स्थिर वेगाने, वरच्या गिअरमध्ये, थंड हवेचा झोत मिळत कापलेले हे अंतर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला फारसे जड जात नाही.

दुसरा प्रकार काळ्या जमिनीचा. प्रवरा, गोदावरी आणि मुळेच्या कालव्यांखालच्या पट्ट्यात, म्हणजे राहाता, कोपरगाव, श्रीरामपूर, राहुरी, नेवासा भागात, ऊसतोडणीच्या हंगामात शेतरस्त्यांना ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या पडतात, आणि पावसाळ्यात तीच माती चाकांना लपेटून बसते. फोर बाय फोर इथे खरोखर कामाची असते, पण रुतलेली गाडी पुढे-मागे झुलवून काढताना गिअरबॉक्समधले तेल काही मिनिटांत तापते. उलट पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी या कमी पावसाच्या तालुक्यांत मुरमाची धूळ हाच मुख्य शत्रू. ती एअर फिल्टर, बेअरिंगे आणि रबरी बुशांत शिरते.

तिसरा प्रकार अकोले तालुक्याचा. कळसूबाई (१,६४६ मीटर), रतनगड, हरिश्चंद्रगड, घाटघर, भंडारदरा हा सह्याद्रीचा ओला आणि चढउतारांचा प्रदेश. येथे ब्रेक, कूलिंग आणि पुढच्या चाकांकडे ताकद वळवणारी ट्रान्सफर केस तिन्ही राबतात. रस्त्यावरून वाहणाऱ्या ओढ्यांतून वारंवार गेलेल्या गाडीच्या ॲक्सलमध्ये पाणी शिरण्याची शक्यताही इथेच जास्त.

या तिन्हींत न बसणारा, मीटरवर अजिबात न दिसणारा चौथा वापरही आहे. कार्यक्रम, बैठका, लग्नसमारंभ चालू असताना एसी सुरू ठेवून तासन्‌तास उभी असलेली गाडी. इंजिन चालते, तेल म्हातारे होते, मीटर जागचे हलत नाही. काही गाड्यांच्या संगणकात इंजिनाचे एकूण तास नोंदलेले असतात आणि स्कॅनरने ते वाचता येतात. दोन लाख किलोमीटरला चार हजार तास असतील तर सरासरी वेग ताशी ५० येतो आणि गाडी मुख्यतः महामार्गावर फिरली असे मानता येते. त्याच अंतराला आठ हजार तास दिसले तर सरासरी २५ वर उतरते. अशा गाडीचे इंजिन मीटर सांगते त्याहून बरेच जास्त राबलेले असते.

बाजारात काय मिळते

ऑटोमॅटिक आणि फोर बाय फोर या दोन गोष्टी भारतीय बाजारात एकाच गाडीत मिळू लागल्या त्या मुख्यतः गेल्या दहा-बारा वर्षांत. त्यामुळे पहिली खातरजमा हीच, की समोरच्या गाडीत खरोखर दोन्ही आहेत का. टाटा हेक्सात ऑटोमॅटिक होते आणि फोर बाय फोरही होते, पण एकत्र नव्हते. २००९ मध्ये भारतात आलेल्या पहिल्या पिढीच्या टोयोटा फॉर्च्युनरला ऑटोमॅटिक मिळाले ते आधी फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत. २ ऑक्टोबर २०२० रोजी आलेली महिंद्रा थार सुरुवातीला फक्त फोर बाय फोर होती. जानेवारी २०२३ पासून तिची केवळ मागच्या चाकांवर चालणारी स्वस्त आवृत्तीही निघाली. मागच्या दारावर चिकटवलेल्या बिल्ल्यावर विश्वास ठेवू नये. गाडीखाली वाकून ट्रान्सफर केस आणि पुढच्या ॲक्सलकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट दिसतो का ते पाहावे, आणि आरसीवरचे मॉडेलचे नाव वाचावे.

साखरपट्ट्यात सर्वाधिक मागणी फॉर्च्युनरला आहे. २०१६ च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीत २.८ लिटर डिझेल इंजिन, सहा गिअरचे ऑटोमॅटिक आणि खटक्याने निवडायची फोर बाय फोर यंत्रणा आहे. पहिल्या पिढीच्या ३.० लिटर इंजिनात टायमिंग बेल्ट आहे, २.८ मध्ये साखळी. दीड लाखाच्या पुढे गेलेली जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे, कारण तो तुटला तर इंजिनाचे मोठे काम निघते. फॉर्च्युनर लवकर विकली जाते, म्हणून जास्त किलोमीटर होऊनही तिचा भाव फारसा उतरत नाही.

फोर्ड एंडेव्हर २०१६ पासून ३.२ लिटर इंजिन व सहा गिअर, आणि २०२० पासून २.० लिटर इंजिन व दहा गिअर अशा स्वरूपात फोर बाय फोरसह मिळत होती. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातले उत्पादन थांबवण्याची घोषणा केली. त्यामुळे ही गाडी तिच्या तोलाच्या फॉर्च्युनरपेक्षा स्वस्तात मिळते. वाचलेले पैसे सुट्या भागांच्या प्रतीक्षेत जाणार नाहीत याची चौकशी जवळच्या सेवा केंद्रात आधीच करावी. महिंद्राची अल्टुरास जी-४ ही अशीच बंद झालेली गाडी.

थार आणि २०२२ ची स्कॉर्पिओ-एन या गाड्यांचे भाग व कारागीर जिल्ह्यात सहज मिळतात. जीप कंपास पुणे–नगर रस्त्यावरच्या रांजणगावात बनते. तिची आणि महिंद्रा एक्सयूव्ही ५०० ची यंत्रणा मात्र वेगळ्या जातीची आहे. गरज पडेल तेव्हाच संगणक मागच्या चाकांना ताकद पाठवतो. अशा यंत्रणेत उतारावर आणि खोल चिखलात उपयोगी पडणारा यांत्रिक ‘लो’ गिअर नसतो. अकोल्यातल्या ओल्या डांबरी रस्त्यावर ती पुरेशी होते. उसाच्या चाकोऱ्यांत तिची मर्यादा लवकर समजते.

मीटर खरे की खोटे

डिजिटल मीटर मागे फिरवणे अवघड नाही. म्हणून मीटरवरचा आकडा स्वतंत्र पुराव्यांशी ताडून पाहावा लागतो. सर्वांत भरवशाचा पुरावा म्हणजे अधिकृत सेवा केंद्रातली नोंद; तीत प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळचे किलोमीटर असतात. गाडी मालकाच्या उपस्थितीत केंद्रात नेली तर ही नोंद पाहता येते. जुन्या विमा पॉलिसी, टायर व बॅटरीच्या पावत्या, तेल बदलल्याची चिठ्ठी यांवरही आकडे सापडतात. अनेक गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर नियंत्रकांतही असते. चांगल्या स्कॅनरने दोन्ही आकडे वाचून तफावत पकडता येते.

गाडीही स्वतः बोलते. ब्रेक पेडलचे गुळगुळीत झालेले रबर, चकाकणारे स्टिअरिंग, चालकाच्या आसनाची दबलेली कड, दगडांच्या माऱ्याने धुरकटलेली समोरची काच या खुणा साठ हजार किलोमीटरच्या गाडीत असू नयेत. टायरच्या कडेवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष चार अंकांत छापलेले असते. चाळीस हजार किलोमीटरच्या गाडीला टायरचा तिसरा संच असेल तर हिशेब जुळत नाही.

थारसारख्या गाडीला मोठे टायर बसवण्याची हौस सर्वत्र आहे. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला की चाकाचा प्रत्येक फेरा दहा टक्के जास्त अंतर कापतो, पण मीटर जुन्याच मापाने मोजते. मीटरवर एक लाख दिसत असताना गाडी एक लाख दहा हजार चाललेली असते, आणि त्या सगळ्या अंतरात गिअरबॉक्सवर जादा भार पडलेला असतो.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची परीक्षा

या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत टॉर्क कन्व्हर्टर असलेला पारंपरिक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये घट्ट यांत्रिक जोड नसून तेल ताकद वाहून नेते. आतल्या क्लच प्लेटा त्याच तेलाच्या दाबाने आवळल्या जातात, आणि दाब कुठे पाठवायचा हे व्हॉल्व्ह बॉडी ठरवते. तेच तेल वंगण आणि थंडाव्याचेही काम करते. ते जळले की सगळी यंत्रणा एकदम बिघडू लागते.

‘गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही’ हा समज महागात पडतो. जगभर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ कंपनी साधारण ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. घाट, चिखल आणि चाळिशीपार जाणारा उन्हाळा असलेल्या प्रदेशात ते याहून आधी बदलणे शहाणपणाचे. दोन लाख चाललेल्या गाडीत हे काम एकदा तरी झाल्याची पावती हवी. तेल तपासता आले तर रंग पाहावा. लालसर आणि पारदर्शक तेल चांगले. काळपट आणि करपट वासाचे तेल क्लच प्लेटा झिजल्याचे सांगते. गुलाबी, दुधाळ तेल दिसले तर रेडिएटरमधले पाणी गिअरबॉक्सच्या तेलात मिसळले आहे, आणि ती गाडी तिथेच सोडावी.

गाडी पाहण्याची वेळ सकाळची असावी आणि इंजिन थंड असावे. विक्रेत्याने आधीच गाडी सुरू करून ठेवली असेल तर बॉनेटला हात लावून ते कळते. ब्रेक दाबून ‘पी’वरून ‘आर’ आणि ‘डी’मध्ये गिअर टाकला की सेकंदाभरात हलका जोर जाणवायला हवा. दोन-तीन सेकंदांचा विलंब, धाडकन बसणारा धक्का किंवा खणखणाट ही दुखण्याची चिन्हे. मग किमान तासभर गाडी चालवावी, कारण अनेक दोष तेल तापल्यावरच उघड होतात. गिअर बदलताना इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, हे क्लच घसरण्याचे लक्षण. ताशी ६० ते ८० च्या स्थिर वेगावर रस्त्याच्या खडबडीत पट्ट्यांवरून जाताना होते तशी थरथर सपाट रस्त्यावर जाणवली तर स्थिर वेगात इंजिन व गिअरबॉक्स घट्ट जोडणाऱ्या, टॉर्क कन्व्हर्टरच्या लॉकअप क्लचवर संशय घ्यावा. संगमनेर–पुणे रस्त्यावरचा चंदनापुरी घाट किंवा छत्रपती संभाजीनगर रस्त्यावरचा इमामपूर घाट अशा चाचणीला सोयीचा आहे: चढावर गिअरबॉक्सने गिअर शोधत वर-खाली करत राहू नये, आणि उतारावर हाताने खालचा गिअर दिल्यास त्याने तो लगेच घ्यावा. ब्रेक दाबून पूर्ण ॲक्सिलरेटर देण्याची ‘स्टॉल टेस्ट’ जाणत्या मेकॅनिककडूनच करून घ्यावी. काही सेकंद जास्त झाले तर चांगला गिअरबॉक्सही दुखावतो.

वर्षानुवर्षे तेल न बदललेल्या गिअरबॉक्समध्ये यंत्राने दाब देऊन सगळे तेल एकदम बदलणे धोक्याचे ठरू शकते. आत साचलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीच्या बारीक वाटांत अडकतो. अशा वेळी तेल खाली सोडून तेवढेच नवे भरणे आणि काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच करणे हा सावध मार्ग.

फोर बाय फोरची परीक्षा

थार, स्कॉर्पिओ-एन, दुसऱ्या पिढीची फॉर्च्युनर यांत ‘पार्ट-टाइम’ यंत्रणा आहे. नेहमी मागची चाके चालतात; गरजेला ‘फोर-एच’ जोडला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरू लागतात. ‘फोर-एल’मध्ये चाकांचा वेग सुमारे अडीचपट कमी होतो आणि ताकद त्याच प्रमाणात वाढते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती सोय नसते, आणि सगळा ताण शाफ्ट व ट्रान्सफर केसवर येतो. म्हणून ही यंत्रणा तपासायची ती मुरमाच्या किंवा शेतातल्या वाटेवर. डांबरी रस्त्यावर ‘फोर-एच’ लावून गोल फेरे मारून दाखवणारा विक्रेता गाडी कशी वापरली गेली तेच सांगत असतो.

जमीन सैल असलेल्या जागी ‘फोर-एच’ आणि नंतर गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलवर आणून ‘फोर-एल’ लावावा. मीटरवरचा दिवा लुकलुकत न राहता स्थिर व्हावा आणि पुढची चाके खरोखर ओढत आहेत हे बाहेरून कोणीतरी पाहावे. वर्षानुवर्षे न वापरलेली यंत्रणा ही वापरलेल्या यंत्रणेपेक्षा भरवशाची असतेच असे नाही. शहरातच फिरलेल्या गाडीतला, फोर बाय फोर जोडणारा ॲक्च्युएटर जाम झालेला असतो आणि ते पहिल्या पावसात, रुतल्यावर कळते.

त्यानंतर गाडी लिफ्टवर घ्यावी. पुढच्या ॲक्सलचे रबरी बूट फाटले असतील तर आतले ग्रीस गेलेले आणि धूळ शिरलेली असते. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी चालवल्यावर येणारा कटकट आवाज त्याचाच. प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस हाताने हलवून ढिलाई पाहावी. ट्रान्सफर केस आणि पुढच्या-मागच्या दोन्ही ॲक्सल हाउसिंगचे तेल थोडे काढून पाहावे. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलेले, आणि चकाकणारे धातूचे कण म्हणजे दात झिजलेले. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर क्राउन-पिनियनची किंवा बेअरिंगची असते. चारही टायर एकाच मापाचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत. गरजेनुसार ताकद वाटणाऱ्या कंपाससारख्या गाडीत हा फरक जोडयंत्रणेला सतत राबवत ठेवतो.

इंजिन आणि सांगाडा

थंड डिझेल इंजिन सुरू होताच किंचित धूर क्षम्य आहे. निळसर धूर तेल जळत असल्याचे, तर थांबून न जाणारा पांढरा धूर इंजेक्टरचे किंवा पाणी आत जात असल्याचे दाखवतो. इंजिन चालू असताना तेलाचे झाकण उघडल्यावर जोराने वाफा येत असतील तर पिस्टन-रिंगा झिजल्या आहेत. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ राहण्यासाठी गाडी अधूनमधून लांब पल्ल्याला जावी लागते, त्यामुळे या बाबतीत महामार्गावर जास्त चाललेली गाडी गावातल्या गावात कमी चाललेल्या गाडीपेक्षा सरस ठरते.

खाली वाकल्यावर चासीवर वेल्डिंगच्या नव्या रेषा, दबलेल्या कडा आणि ताजा काळा रंग यांचा शोध घ्यावा. कोकणात राहिलेल्या गाडीला गंज जास्त असतो. ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरासारख्या घटनांनंतर बुडालेल्या गाड्या दुरुस्त होऊन दूरच्या बाजारांत जातात. सीटच्या रुळांवरचा गंज, गालिच्याखालची गाळाची रेघ आणि पूर्ण ओढून पाहिलेल्या सीटबेल्टवरचा मातीचा डाग यांवरून त्या ओळखू येतात.

परराज्यातली गाडी

राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशाने आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो कायम ठेवल्याने दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, आणि तिथल्या मोठ्या गाड्या स्वस्त भावात इतर राज्यांत जाऊ लागल्या. अशा गाडीला मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते. इथे नोंदणी करताना महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. नव्या डिझेल गाडीवर तो किमतीनुसार १३ ते १५ टक्के आहे आणि वयानुसार घटतो. मूळ राज्यातला उरलेला कर परत मिळवण्याची खटपट वेगळी. हा सगळा खर्च धरल्यावर दिल्लीचा भाव आणि नगरचा भाव यांतला फरक पुष्कळदा आटतो.

कागदपत्रे

जिल्ह्यात एमएच-१६ ही अहिल्यानगरची आणि एमएच-१७ ही श्रीरामपूर कार्यालयाची पासिंग. आरसीवरचा चासी क्रमांक गाडीवरच्या कोरीव क्रमांकाशी जुळवून पाहावा. एम-परिवहन ॲपवर विमा आणि बँकेचा बोजा दिसतो, थकीत ई-चलनेही ऑनलाइन तपासता येतात. चोरीच्या गाड्यांसाठी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची ‘वाहन समन्वय’ ही सेवा आहे. कर्ज फिटले असले तरी नमुना ३५ आणि बँकेचे पत्र दिल्याखेरीज बोजा उतरत नाही. मालकी बदलासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतराची माहिती द्यायची असते. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोंदीवरचा मालकच अपघाताच्या भरपाईला जबाबदार ठरवला. त्यामुळे नाव बदलण्याची घाई विक्रेत्यालाही असायला हवी. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करावा लागतो. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो.

एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांना परिवहन कार्यालयाकडून अधिकृतपत्र घेणे आवश्यक झाले आहे. व्यापाऱ्याकडून घेतलेल्या गाडीबाबत ग्राहक आयोगात दाद मागता येते. खाजगी व्यक्तीशी झालेल्या व्यवहारात तो मार्ग सहसा उरत नाही. पंधरा वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण पाच-पाच वर्षांसाठी होते आणि पर्यावरण करही भरावा लागतो, हे गाडीचे वय पाहताना लक्षात ठेवावे.

किंमत ठरवताना

जास्त किलोमीटरच्या गाडीची खरी किंमत म्हणजे मागितलेली रक्कम अधिक पहिल्या सहा महिन्यांचा खर्च. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही हाउसिंगची तेले, सर्व फिल्टर, कूलंट, ब्रेक ऑइल, पट्टे, आणि लागल्यास टायर व खालच्या बुशा हे काम घेतल्याबरोबर करून टाकावे, म्हणजे पुढच्या देखभालीचा हिशेब एका ठरावीक आकड्यापासून सुरू होतो. इसार देण्यापूर्वी या सगळ्याचा अंदाज कारागिराकडून लेखी घ्यावा आणि तो भावातून वजा मागावा. गिअरबॉक्सच्या मोठ्या दुरुस्तीसाठी जिल्ह्यातून बहुधा पुणे गाठावे लागते. बंद पडलेली ऑटोमॅटिक फोर बाय फोर चाके जमिनीवर ठेवून ओढत नेऊ नये. ती सपाट ट्रकवर चढवावी लागते. म्हणून अशा एका प्रसंगापुरती रक्कम बाजूला उरत नसेल, तर त्याच पैशांत कमी वयाची, साध्या गिअरची आणि दोन चाकांवर चालणारी गाडी घेणे हा अधिक चांगला सौदा ठरतो.